सीए भारतातला, परवाना कॅनडातला

बडोद्याहून बोलतोय.

गेल्या काही भागांनंतर एकाच विषयावर बरेच प्रश्न आले. इंदूरच्या एका ताईंची मुलगी सीए आहे, लग्न होऊन कॅनडाला चालली आहे. हुबळीच्या एका गृहस्थांचा मुलगा तिकडे जाऊन वर्ष झालं, अजून दुकानात गल्ल्यावर बसतोय. दोघांचा प्रश्न एकच: इतकं शिकलेल्या माणसाला तिकडे पुन्हा शून्यापासून सुरुवात का करावी लागते?

आधीच सांगतो, मी सीए नाही. बी. ए. होऊन फौजेत गेलो आणि कर्नल म्हणून निवृत्त झालो. पण माझी सून सीए आहे. मुलगा आणि ती ओंटॅरियो प्रांतात गेले, तेव्हापासून तिला परवाना मिळेपर्यंतचा सगळा प्रवास मी फोनवरून पाहिला. त्यात मी तिला एक चुकीचा सल्लाही दिला. आजचा भाग त्या चुकीवरूनच सुचला.

झालं असं. तिकडे पोचल्यावर तिने पन्नासएक ठिकाणी अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी एका गोदामात पॅकिंगचं काम मिळालं. फोनवर तिचा आवाज बसला होता. मी म्हणालो, "काम हे काम असतं, त्यात लाज कसली? फौजेत आम्ही खंदकसुद्धा खणलेत." वाक्य वाईट नव्हतं, पण अर्धं होतं. पुढचं अर्धं मी बोललोच नाही: "आणि परवान्यासाठी पहिला अर्ज कधी करतेस?" गोदामात चौदा महिने गेले. त्या काळात इकडच्या संस्थेची वार्षिक फी भरायची राहिली आणि तिचं नाव सदस्यांच्या नोंदवहीतून कमी झालं. पुढे तेच सगळ्यात महाग पडलं. त्याबद्दल पुढे सांगतो.

दारं तीन आहेत

लोक एका गोष्टीत गोंधळतात. आपल्याला वाटतं कॅनडाने बोलावलं, शिक्षणाचे गुण दिले, म्हणजे शिक्षण मान्य झालं. तसं नसतं. तीन दारं आहेत आणि तिन्हींचे पहारेकरी वेगळे.

पहिलं दार देशात शिरण्याचं. त्यासाठी पदव्यांचं मूल्यमापन करून घेतात. तुमची पदवी तिकडच्या कुठल्या पदवीच्या तोडीची, एवढंच ते प्रमाणपत्र सांगतं. ते व्हिसाच्या गुणांसाठी असतं. त्याने परवाना मिळत नाही.

दुसरं दार परवान्याचं. कॅनडात आपल्या सीएसारखी पदवी म्हणजे सीपीए, चार्टर्ड प्रोफेशनल अकाउंटंट. पूर्वी तिथे तीन वेगळ्या पदव्या होत्या: सीए, सीएमए आणि सीजीए. २०१३ नंतर त्यांचं एकत्रीकरण होत गेलं आणि सीपीए हे एकच नाव उरलं. पण परवाना दिल्लीसारख्या एका ठिकाणाहून मिळत नाही. आपल्याकडे १९४९ च्या कायद्याने देशभरासाठी एकच आयसीएआय आहे. तिकडे हा विषय प्रांतांचा आहे. ओंटॅरियोची संस्था वेगळी, ब्रिटिश कोलंबियाची वेगळी, अल्बर्टाची वेगळी. क्वेबेकमध्ये तर फ्रेंच यावं लागतं. म्हणून राहणार कुठे, हे ठरल्याशिवाय अर्ज कुठे करायचा तेही ठरत नाही.

तिसरं दार नोकरीचं. इथला पहारेकरी कंपनीतला साहेब असतो. तो परवाना बघतोच असं नाही. बिलं चुकती करणं, पगारपत्रक, हिशेब लिहिणं, बँकेचा ताळमेळ घालणं, यातल्या बऱ्याच कामांना सीपीए लागत नाही. ऑडिट अहवालावर सही करायची असेल तर लागतो, आणि ओंटॅरियोत त्यासाठी सीपीएवरही आणखी एक वेगळा परवाना काढावा लागतो.

माझी सून पहिलं दार ओलांडून गेली आणि तिसऱ्यावर डोकं आपटत बसली. दुसऱ्याकडे तिने पाहिलंच नाही. मीही तिला तिकडे पाहायला सांगितलं नाही.

परवान्याच्या दारात काय विचारतात

आयसीएआयचे निरनिराळ्या देशांतल्या संस्थांशी करार आहेत. पण करार म्हटला की आपण "मान्यता मिळाली" असं समजतो, तिथे फसतो. काही करारांत दोनएक पेपर देऊन सदस्यत्व मिळतं, काहींत फक्त काही विषय माफ होतात. शिवाय करारांना मुदत असते, अटी बदलतात. म्हणून मावसभावाने पाच वर्षांपूर्वी काय केलं हे ऐका जरूर, पण अर्ज करायच्या दिवशी त्या प्रांताच्या संस्थेचं पान स्वतः वाचा.

आमच्या सुनेला बरेच विषय माफ झाले. शेवटची सामाईक परीक्षा, तिला सीएफई म्हणतात, ती मात्र चुकली नाही. तिने दिली तेव्हा ती तीन दिवसांची होती: पहिल्या दिवशी चार तास, दुसऱ्या दिवशी पाच, तिसऱ्या दिवशी पुन्हा चार. परीक्षेची रचना आता बदलते आहे, पण तिचा स्वभाव समजून घ्या. आपल्याकडे प्रश्न विचारतात, आपण कलम सांगतो, आकडेमोड करतो, उत्तर काढतो. तिकडे एका कंपनीची पानंच्या पानं गोष्ट देतात. मालक काय म्हणतो, बँक काय म्हणते, सोबत आकड्यांचे तक्ते. प्रश्न काय आहे हे तुम्हीच शोधायचं, आणि मालकाला काय सल्ला द्याल ते लिहायचं.

पहिल्या प्रयत्नात ती नापास झाली. ज्ञान कमी पडलं नव्हतं. एका मुद्द्यावर तिने सुंदर चार पानं लिहिली आणि बाकीचे मुद्दे राहून गेले. तिथे सगळ्या मुद्द्यांना पुरेसा न्याय द्यावा लागतो. मला हे लगेच कळलं, कारण फौजेत बढतीच्या परीक्षेत असाच कागद असतो. नकाशा देतात, परिस्थिती देतात आणि म्हणतात, कमांडर म्हणून तुमचा निर्णय लिहा. तिथे एका टेकडीवर निबंध लिहिणारे अधिकारी मी बरेच पाहिलेत.

परीक्षेखेरीज अनुभवाची अट आहे. नेहमीच्या मार्गाने येणाऱ्याला ३० महिन्यांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. परदेशातला अनुभवही धरला जाऊ शकतो, पण "अमुक फर्ममध्ये पाच वर्षं" एवढ्यावर भागत नाही. कुठलं काम, किती जबाबदारीचं, कोणाच्या देखरेखीखाली, हे लेखी दाखवावं लागतं.

आता त्या न भरलेल्या फीबद्दल. तिकडची संस्था अर्जासोबत आयसीएआयचं गुड स्टँडिंगचं पत्र मागते. म्हणजे हा माणूस आजही आमचा सदस्य आहे आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही, असं पत्र. सुनेचं नाव नोंदवहीतून गेलेलं. आधी सदस्यत्व पुन्हा सुरू करणं आलं, मग ते पत्र. त्यात ज्या फर्ममध्ये तिने आर्टिकलशिप केली ती बंद पडलेली, सरांचं वय झालेलं. मी स्वतः इंदूरला जाऊन त्यांची सही आणली. सर म्हणाले, "पोरगी हुशार होती, जायच्या आधी आली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं." गोदामातल्या चौदा महिन्यांनंतर आमचे आणखी काही महिने या कागदांत गेले.

क्वार्टरमास्टर म्हणजे काय हो?

तिसऱ्या दारात भाषा अडते. इंग्रजी येत नाही असं नाही. आपल्या कामाची नावं त्यांना कळत नाहीत.

माझाच अनुभव सांगतो. निवृत्तीनंतर एका खासगी कंपनीत मुलाखतीला गेलो. अर्जात लिहिलं होतं, "बटालियनचा क्वार्टरमास्टर". समोरच्या तरुण बाईंनी विचारलं, "म्हणजे सरकारी क्वार्टर्सची देखभाल का?" मला राग आला. आठशे माणसांचं रेशन, कपडे, हत्यारं, दारूगोळा, सगळ्याचा हिशेब माझ्या सहीने चालायचा! घरी येऊन विचार केला, त्या बाईंची चूक काय? मी माझ्या भाषेत लिहिलं होतं. पुढच्या अर्जात लिहिलं: आठशे जणांच्या पुरवठ्याची आणि साठ्याची जबाबदारी, दरवर्षी ऑडिट. बोलावणी यायला लागली.

सुनेचा बायोडेटा मी तेव्हा मागून घेतला. त्यात होतं: टॅक्स ऑडिट, बँक शाखांचं कंकरंट ऑडिट, टीडीएस, टॅली, उलाढाल चाळीस कोटी. कॅनडातल्या माणसाला यातलं काय कळणार? कोटी म्हणजे काय हेच त्याला माहीत नाही. चाळीस कोटी म्हणजे चारशे दशलक्ष रुपये, हे तिकडच्या पद्धतीने लिहायला हवं होतं. आर्टिकलशिप हा शब्दही त्यांना परका. "सनदी लेखापालाच्या देखरेखीखाली तीन वर्षं ऑडिटचं प्रशिक्षण" म्हटलं की कळतं. टॅलीच्या शेजारी तिकडे चालणारं क्विकबुक्स आलं पाहिजे, आणि ते खरोखर शिकून आलं पाहिजे.

गंमत म्हणजे तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू त्या कागदावर नव्हतीच. आपल्याकडे १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तिने तीन कंपन्यांचे हिशेब जुन्या करांतून जीएसटीत आणले होते. कॅनडात जीएसटी १९९१ पासून आहे. ओंटॅरियोत केंद्राचा आणि प्रांताचा कर मिळून १३ टक्के एचएसटी लागतो. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट तिथेही मिळते. नियम वेगळे, कलमं वेगळी, पण कल्पना ओळखीची. ती म्हणाली, "बाबा, ते तर सगळ्यांनीच केलं." अगं, इथे सगळ्यांनी केलं. तिथे त्या टेबलावर बसलेल्यांपैकी कोणी केलंय?

तसंच हिशेबाच्या मानकांचं. कॅनडातल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या २०११ पासून आयएफआरएस वापरतात, आणि आपली मोठ्या कंपन्यांसाठीची इंड एएस मानकं त्याच आयएफआरएसवर बेतलेली आहेत. तिथल्या खासगी कंपन्यांसाठी मात्र एएसपीई नावाची वेगळी मानकं चालतात, ती नव्याने शिकावी लागतात. म्हणजे शून्यापासून सुरुवात नाही. काय येतं, काय अर्धं येतं आणि काय अजिबात येत नाही, अशी तीन रकान्यांची यादी करावी लागते. ती यादी आम्ही फोनवर बसून केली. तिसरा रकाना तिला वाटला होता त्यापेक्षा बराच लहान निघाला.

एक सावधगिरी. बायोडेटावर किंवा व्हिजिटिंग कार्डावर नावापुढे नुसतं "सीए" लावू नका. ही पदनामं तिथे कायद्याने राखलेली आहेत. ओंटॅरियोचा यासंबंधीचा कायदा २०१७ चा आहे. पदवी भारताच्या संस्थेची आहे हे पूर्ण नावानिशी लिहा आणि प्रांताचा नियम वाचून मगच वापरा.

"कॅनडाचा अनुभव आहे का?"

हा प्रश्न ऐकून आपली मुलं खचतात. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. ही तक्रार खोटी नाही. तिथल्या सरकारनेही ती मान्य केली आहे. ओंटॅरियोच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्ये धोरण जाहीर केलं की सरसकट कॅनडाचा अनुभव मागणं हा वरकरणी भेदभाव ठरतो. त्याआधी २००६ च्या कायद्याने परवाना देणाऱ्या संस्थांवर नजर ठेवायला तिथे फेअरनेस कमिशनर नेमला गेला. २०२१ च्या कायद्याने नियंत्रित व्यवसायांच्या नोंदणीत कॅनडाच्या अनुभवाची अट घालायला, काही अपवाद सोडून, बंदी आली. आणि २०२६ च्या सुरुवातीपासून पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना नोकरीच्या जाहिरातीतही अशी अट छापता येत नाही.

कायद्याने जाहिरातीतली ओळ जाते, साहेबाच्या मनातली शंका जात नाही. ती घालवायला तिथलं थोडं काम दाखवावं लागतं. त्याचाही रस्ता आहे. तिथे सर्वसाधारण माणसाचं विवरणपत्र ३० एप्रिलपर्यंत भरायचं असतं, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल करसल्लागारांकडे हंगामी माणसं लागतात. कॅनडाच्या महसूल खात्याचा एक स्वयंसेवी उपक्रमही आहे. त्यात कमी उत्पन्नाच्या लोकांची विवरणपत्रं स्वयंसेवक फुकट भरून देतात. सुनेने गोदामाचं काम सांभाळून एक हंगाम तिथे काम केलं. पैसे मिळाले नाहीत. पण तिथले फॉर्म हाताखालून गेले, आणि तिच्या कामाबद्दल सांगू शकेल असं तिथलं एक माणूस मिळालं. पुढची नोकरी, बिलं चुकती करण्याच्या विभागातली, त्या बाईंच्या शब्दावर मिळाली.

मदत म्हणजे नेमकं काय करायचं

आता हे आपल्यासाठी, म्हणजे इथे बसलेल्या आईवडिलांसाठी आणि तिथे स्थिरावलेल्या आपल्या माणसांसाठी.

जायच्या आधी एक फाइल करा. पदवीचं प्रमाणपत्र आणि विद्यापीठाच्या सीलबंद गुणपत्रिका घ्या. पदवी पूर्ण न करता सीए झालेल्यांनी तर हे आधीच तपासावं, कारण तिकडे पदवीही मागतात. सीएच्या सगळ्या गुणपत्रिका, आर्टिकलशिप सुरू झाल्याचा फॉर्म १०३ आणि संपल्याचा फॉर्म १०८ ठेवा. प्रत्येक फर्मकडून कामाचं तपशीलवार पत्र घ्या, सही करणारा माणूस हयात आणि खुर्चीत असतानाच. आणि आयसीएआयची फी दरवर्षी, न चुकता. घरी बाप निवृत्त असेल तर हे काम त्याच्याकडे द्या, मी आता दर एप्रिलला करतो.

दुसरं, वेळ द्या. दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी मी चौकटीच्या कागदावर तिचं दिवसाचं वेळापत्रक आखून पाठवलं, पहाटे साडेचारपासून. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मला वेळापत्रक नको, वेळ हवाय." नातू तेव्हा दोन वर्षांचा. माझी पत्नी सहा महिने तिकडे जाऊन राहिली, मुलाने रात्रीचा स्वयंपाक अंगावर घेतला. त्या वेळी ती पास झाली. त्या यशात माझ्या वेळापत्रकाचा वाटा नाही, हे मी इथे नोंदवतो.

तिसरं, पैशाचं आधी बोला. फी, पुस्तकं, शिकवणी, आणि अभ्यासासाठी सोडलेला पगार. तिथे विंडमिल मायक्रोलेंडिंग नावाची संस्था परदेशात शिकून आलेल्यांना परवान्याच्या अभ्यासासाठीच कर्ज देते. असे मार्ग विचारून घ्या. "पैसे भरा, परवाना आणि नोकरी दोन्ही देतो" म्हणणाऱ्या एजंटाकडे मात्र फिरकू नका. परवाना फक्त प्रांताची संस्था देते.

चौथं, तिथे स्थिरावलेल्यांना विनंती. टोरांटोत ट्रीक नावाची संस्था नव्याने आलेल्याला त्याच्याच व्यवसायातल्या माणसाशी जोडून देते. आयसीएआयची शाखा टोरांटोत आहे, मराठी भाषिक मंडळही आहे. गणपतीला आपण एकत्र जमतो, पुरणपोळी खातो, फार छान. त्याच दिवशी एक टेबल लावा. तिथे दोन सीपीए बसवा. नव्याने आलेल्याचा बायोडेटा वाचा, खोटी खोटी मुलाखत घ्या, चुका तोंडावर सांगा. चांगला वाटला तर आपल्या ऑफिसात त्याचं नाव टाका. एका तासाचं काम आहे, पण त्याचं एक वर्ष वाचतं.

सून आता सीपीए आहे. मी तिला एकदा विचारलं, त्या चौदा महिन्यांत सगळ्यात वाईट काय वाटलं? मला वाटलं थंडी म्हणेल, पाठदुखी म्हणेल. ती म्हणाली, "फोनवर सगळे विचारायचे, बरी आहेस ना, जेवलीस ना. मी सीए आहे हे हळूहळू कोणी बोलेनासंच झालं. मग मीही."

म्हणून मंडळी, आज एक काम करा. तुमचं असं कोणी बाहेर असेल तर आज फोन लावा. जेवलास का, हे विचाराच. मग विचारा: कुठल्या प्रांतात अर्ज करायचा ते ठरलं का? आयसीएआयची फी भरलीस का? कुठला कागद इथून हवाय? तो कागद आणायला उद्या सकाळी बाहेर पडा.

तुमचे अनुभव कळवत राहा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.